दोन दगडांच्या मधलं पाणी

मस्कतपासून लांब, डोंगरातल्या दर्मा गावात शामिस बिन घासिबला कुणी त्याच्या नावाने हाक मारत नसे. अबू हजर म्हणत, दगडाचा बाप. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, त्यामुळे त्यात लपवाछपवी नव्हती. शामिसही काही कमी नव्हता. मशिदीतून बाहेर पडताना माणसं एकमेकांची खुशाली विचारत उभी राहत, तेव्हा हा चपला घालून आधीच वाटेला लागलेला असे. कुणी आडवं आलंच, तर घरच्यांची तब्येत विचारायच्या आधी त्याच्या बागेतल्या वाळक्या झाडाची चौकशी करी.

गावाचं सगळं पाणी फलजमधून येई. डोंगराच्या पोटातून दीड-दोन कोस खणत आणलेलं ते भुयार कुणी आणि केव्हा खणलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते साफ ठेवायचं काम शामिसच्या घराण्याकडे चालत आलेलं होतं. वर्षातून दोनदा तो दोर धरून खाली उतरे, कमरेत वाकून गाळ उपसे, ढासळलेली बाजू दगड लावून सावरी आणि चिखलाने माखून वर येई. त्याच्या हाताशिवाय गावाला पाणी मिळत नसे, आणि गावाच्या मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीत, त्याची जागा दाराजवळ, चपलांच्या ढिगाला लागून होती.

या वैराचं मूळ जुनं होतं. शामिस चौदा वर्षांचा असताना त्याचा बाप घासिब फलजच्या वरच्या शाखेत मेला. त्या वेळी फलजचा कारभारी सौद होता. घासिबने त्याला सांगितलं होतं, "पुढे दगड बदलतोय. हाताला साबणासारखा लागतो. आधी दगडी कमान बांधून घेऊ, मग पुढे जाऊ." सौद म्हणाला, "लसूणघास वाळते आहे आणि तुला कमानी सुचतात. उतर खाली." तिसऱ्या दिवशी छत कोसळलं. प्रेत बाहेर काढायला दोन दिवस लागले. शाखेचं तोंड दगडमातीने बंद करून टाकलं गेलं. कबरीवर माती पडत असताना सौद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घासिब माणूस चांगला होता, पण त्याला दगड कळला नाही." शेजारी त्याचा मुलगा मुहन्ना उभा होता, शामिसच्याच वयाचा. त्याने मान डोलावली.

सौदचे शब्द शामिस एखाद वेळेस विसरलाही असता. ती डोललेली मान तो विसरला नाही.

शामिस सदतिसाव्या वर्षात होता तेव्हा रेटो नावाचा एक उंच, उन्हाने भाजलेला स्वित्झर्लंडचा माणूस गावात आला. त्याला डोंगरात हिंडायला गाढवं हवी होती आणि वाटा ठाऊक असलेला माणूस हवा होता. गावातलं दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून शामिस गेला. दोघांचंही डोकं तापट. पहिल्या महिन्यात रेटोने त्याला तीनदा कामावरून काढलं आणि शामिसने दोनदा त्याचं सामान वाटेत उतरवून ठेवलं. तरीही असे तीन हिवाळे ते एकत्र हिंडले, कारण रेटोला दगडाशिवाय काही दिसत नसे आणि शामिसला दगडाबद्दल एक जुना हिशेब चुकता करायचा होता.

एकदा वाडीच्या वळणावर रेटोने त्याला थांबवलं. तिथे कड्याचा रंग बदलत होता. खालच्या अंगाला पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा, करकरीत दगड. वरच्या अंगाला तांबूस-तपकिरी, खरबरीत, फोडला तर आतून काळपट हिरवा.

"इथे उभा राहा," रेटो आपल्या मोडक्या अरबीत म्हणाला. "डावा पाय इकडे. उजवा तिकडे."

शामिस उभा राहिला.

"डावा पाय पृथ्वीच्या सालीवर आहे. उजवा सालीच्या आतल्या गरावर."

"माझी टर उडवायला गावात माणसं आहेत," शामिस म्हणाला. "ती फुकट करतात. तू एवढ्या लांबून कशाला आलास?"

रेटो हसला नाही. त्याने पिशवीतून एक लिंबू काढलं, चाकूने चिरलं आणि त्याच्यासमोर धरलं. पृथ्वी अशी थरांची आहे, तो म्हणाला. वर पातळ कवच, त्याखाली फार जाड असं प्रावरण, आणि अगदी आत लोखंडाचा गोळा. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला ते प्रावरण कधी दिसत नाही. समुद्राच्या तळाखालीसुद्धा ते दीड-दोन कोस खोल असतं. इथे मात्र ते उघड्यावर पडलंय.

"कुणी आणून टाकलं?"

"अरबस्ताननेच. जमीन एका जागी बसलेली नसते. चालते. इथे पूर्वी समुद्र होता, आपल्या समुद्राहून खूप मोठा. तो मिटत आला तेव्हा त्याच्या तळाचा एक तुकडा खाली जायचा सोडून अरबस्तानच्या अंगावर चढला. नऊ कोटी वर्षं झाली. अजून चालूच आहे. तांबडा समुद्र तिकडे रुंदावतोय आणि तुझं गाव, तुझी गाढवं, तू, सगळे इराणकडे सरकताय. वर्षाला माझ्या अंगठ्याच्या रुंदीइतके."

शामिसने थोडा वेळ दोन्ही पायांकडे पाहिलं. मग खाली वाकून तपकिरी दगडाच्या फटीत बोट घातलं. आत हिरवट, चिकट, गुळगुळीत लागलं. साबणासारखं.

गाढवांचे दोर सोडून तो एकटाच वर चढला आणि बंद केलेल्या शाखेचा माग काढत जुन्या उभ्या विहिरींच्या तोंडांवरून चालत गेला. शाखा ठिपक्यांच्या दगडातून सरळ त्या दोन दगडांच्या हद्दीकडेच गेलेली होती. बापाला दगड कळला होता. बापाने तोंडाने सांगितलंही होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात रेटो त्याला निळ्या झऱ्यावर घेऊन गेला. तो झरा दर्म्यात सगळ्यांना माहीत होता; बायका खरूज झाली की तिथे जाऊन अंग धूत, आणि शेळ्या तिथे पाणी पीत नसत. काठाला चुन्यासारखी पांढरी साय धरलेली, मधे दुधाळ निळं पाणी. रेटोने कागदाची एक पिवळी पट्टी त्यात बुडवली. ती गडद निळी झाली.

"हे पाणी तपकिरी दगडात खोल उतरलं आणि तिथेच राहिलं," तो म्हणाला. "शेकडो, हजारो वर्षं. हवा नाही. दगडाने त्याला पार बदलून टाकलं. वरवरचं पाणी तरुण असतं, ते चालतं. खोलचं म्हातारं आणि माथेफिरू."

"तुझ्यासारखं," शामिस म्हणाला.

जाताना रेटोने त्याला त्या पट्ट्यांची एक डबी दिली. शामिसने तीन हिवाळ्यांत डोंगरातलं दिसेल ते पाणी तपासलं. हद्दीच्या खालच्या बाजूला, ठिपक्यांच्या दगडात, उथळ पाणी गोडं. हद्दीला लागून खोल गेलं की निळं. त्याला ते आपल्या तळहातासारखं पाठ झालं.

त्याने हे मजलिसमध्ये एकदाच सांगितलं. तोवर सौद वारून मुहन्ना कारभारी झालेला होता. मुहन्ना गोरटेला, नीटनेटका, शब्द तोलून बोलणारा माणूस. लोकांची भांडणं तो मिटवी, त्याच्या घरचा कहवा कधी थंड होत नसे. शामिसचं सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे आपण समुद्राच्या तळावर बसलोय."

"बसलोय."

"मग मासे कुठे गेले, अबू हजर?"

मजलिस हसली. आंधळा झाहिरसुद्धा हसला, जो कधी हसत नसे. शामिस उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि म्हणाला, "काही राहिलेत. त्यांतला एक गादीवर बसून कहवा ओततोय." त्यानंतर पंधरा वर्षं तो मजलिसला फक्त कुणी मेलं की जाई.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दोन वर्षं गेला, तिसऱ्या वर्षी फलजचं पाणी मांडीपासून घोट्यावर आलं. वाटणीच्या वेळा तशाच राहिल्या, पण ज्या अर्ध्या तासात पूर्वी बाग भिजे त्यात आता चार आळी भिजत. मुहन्ना बोअरच्या परवानगीसाठी सात वेळा मस्कतला गेला. गाडी लागे म्हणून वाटेत उलट्या करत जाई, तरी गेला. परवानगी आली, यंत्रवाला ठरला, आणि बोअरची जागा सांगायला त्याने सगळ्या गावाला बागांच्या वरच्या टोकाला बोलावलं. तिथपर्यंत ट्रक जाऊ शकत होता आणि तिथून पाणी उताराने थेट फलजच्या पाटात पडणार होतं. सोयीची जागा होती.

ती बरोबर हद्दीवर होती.

शामिस त्या दिवशी गर्दीतून पुढे आला. "इथे मारू नका," तो म्हणाला.

"सलाम तरी कर," मुहन्ना म्हणाला.

"इथे खाली निळं पाणी आहे. बागा मरतील. त्यापेक्षा वरची शाखा उघडा. माझ्या बापाने जिथे सोडली तिथून पंधरा-वीस हात तिरकं जायचं, ठिपक्यांच्या दगडातच राहायचं, हद्द ओलांडायची नाही. तिथे गोडं पाणी अडून राहिलेलं आहे."

"तुला कसं दिसलं?"

"सांगितलं होतं तेव्हा तुम्ही मासे शोधत होता."

कुणीतरी हसू दाबलं. मुहन्नाचा चेहरा बदलला नाही. "हे बघ, शामिस," तो म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. "तुझा बाप त्या शाखेत गेला, त्याचं मला वाईट वाटतं. पण तुझ्या बापाची चूक निस्तरायला मी गावातली दुसरी माणसं खाली पाठवणार नाही."

"चूक तुझ्या बापाची होती."

"मेलेल्या माणसाबद्दल जपून बोल."

"तू कुठे जपून बोललास? चौदा वर्षांचा होतास आणि मान डोलावत होतास."

मुहन्नाला ते आठवतच नव्हतं. हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि शामिसला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. तो पुढे सरसावला. दोघा-तिघांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि त्यात त्याच्या अंगातल्या लांब दिशदाशाची बाही खांद्यापासून फाटली. घाया त्या बाहीकडे पाहून घरी म्हणाली, "निदान त्याची फाडून यायचं होतंस."

घाया म्हणजे त्याची बायको. ती बाहेरच्या गावची, तोंडाने त्याच्याहून तिखट. त्यांना एकच मुलगी, राया, बाविशीची, आणि तिचं लग्न मुहन्नाच्या पुतण्याशी ठरलेलं होतं. ते ठरलं तेव्हा गावाला वाटलं होतं की आता हे वैर संपेल.

एकशे चाळीस मीटरवर पाणी लागलं. काचेसारखं स्वच्छ, थोडं कोमट, आणि इतकं जोरात की यंत्रवाल्याचा फेटा उडाला. बायकांनी किलकाऱ्या काढल्या. मुहन्नाने दोन बोकड कापले, हलव्याची परात फिरवली. म्हातारी माणसं पाटात पाय सोडून बसली. शामिस तिथे गेला, पाटाशी उकिडवा बसला आणि डबीतली एक पट्टी पाण्यात बुडवली. मग ती हातात उंच धरून तो उभा राहिला. गडद निळी.

"चाखून बघा," तो म्हणाला. "कडवट लागतं का नाही ते सांगा."

"नव्या बोअरचं पाणी पहिले चार दिवस असंच लागतं," यंत्रवाला म्हणाला.

मुहन्नाने ती पट्टी त्याच्या हातातून घेतली, दोन बोटांत चुरगाळली आणि पाण्यात सोडली. "आजच्या दिवशी तरी," तो म्हणाला, "लोकांना आनंद होऊ दे. तुला सहन होत नसेल तर घरी जा."

शामिस घरी गेला. वाटेत त्याने आपल्या बागेकडे जाणारं पाटाचं तोंड दगड आणि चिंध्या कोंबून घट्ट बंद केलं. त्यावर माती लिंपली. सगळं गाव बघत होतं. त्या दिवसापासून त्याने आणि घायाने आपली अकरा खजुराची झाडं जुन्या विहिरीतलं तळाचं पाणी डोक्यावर वाहून जगवली.

चार महिन्यांत लसूणघास पिवळी पडली. लिंबांची पानं गळाली. पाटाच्या तळाला पांढरा थर बसायला लागला, चुना फासावा तसा. दर आठवड्याला तो खरवडावा लागे आणि दर आठवड्याला परत येई. पोरांच्या कोपरांना, गुडघ्यांना चट्टे उठले. पुढच्या उन्हाळ्यात खलास जातीच्या खजुराच्या झाडांना घोस धरले ते हिरवे असतानाच सुकले. दर्म्याच्या इतिहासात खजुराशिवाय गेलेला उन्हाळा कुणाला आठवत नव्हता.

आपण चुकलो असं कुणी म्हणालं नाही. शामिस बरोबर होता असंही कुणी म्हणालं नाही. आधी दबक्या आवाजात, मग उघड, लोक म्हणायला लागले की अबू हजरने पाण्यात काहीतरी टाकलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत टाकलं, कागदाचं होतं, त्यावर काय लिहिलं होतं देव जाणे. त्याने स्वतःच्या बागेचं तोंड त्याच दिवशी का बंद केलं? त्याला आधीच कसं कळलं? एवढी नजर लावल्यावर पाणी काय, दूधही नासेल.

मुहन्नाने हे कधी तोंडाने म्हटलं नाही. त्याने ते थांबवलंही नाही. बोअर त्याने आणला होता, सात वेळा मस्कतला तो गेला होता, आणि आता रोज सकाळी कुणी ना कुणी वाळकी डहाळी त्याच्या दारात टाकून जात होतं. तो अंगणात उभा राहून त्या डहाळ्या गोळा करी. त्याला दुसरा एखादा दोषी हवा होता, आणि गावाने तो आयताच आणून दिला.

शामिसच्या घराशी बोलणं बंद झालं. घायाने पुढे केलेला कहवा शेजारणीने घेतला नाही. पुतण्याच्या आईने एक दिवस येऊन रायाचं लग्न मोडलं, दारातूनच. राया चुलीपाशी बसलेली होती. ती म्हणाली, "बरं झालं. त्यांच्या घरचं पाणी मला प्यावं लागलं असतं."

मग शामिसने पहार उचलली. वरच्या शाखेची शेवटची उभी विहीर त्याने एकट्याने मोकळी केली आणि तोंडावर लाकडी रहाट बसवला. तो खाली, घाया आणि राया वर. तो खणून चामड्याच्या पोत्यात राडारोडा भरी, दोर दोनदा हिसके, आणि त्या दोघी रहाट फिरवून पोतं वर ओढत. हे काम बायकांनी करायचं नव्हतं, आणि नेमकं त्यासाठी लोक मुद्दाम त्या वाटेने जायला लागले. घाया त्यांना नावानिशी हाका मारी. "या, या, खमीस. तुमची गाय कशी आहे? पाण्याला तोंड लावते का?"

मुहन्ना एका दुपारी आला. विहिरीच्या काठावर उभा राहून त्याने खाली हाक मारली, "वर ये. ही शाखा फलजची आहे. माझ्या परवानगीशिवाय तुला हात लावता येत नाही."

खालून आवाज आला, "उतरून अडव."

"उद्या वालीच्या कचेरीत जाऊन तक्रार करीन."

"कर. आठव्यांदा उलट्या कर."

मुहन्नाने तक्रार केली की नाही हे कळलं नाही. पण दोन दिवसांनी तिघं घरी जेवायला गेली आणि परत आली तेव्हा रहाटाचा आडवा दांडा नाहीसा झालेला होता. बाभळीचा, पुरुषभर लांब, शामिसच्या आजाने तासलेला. त्याशिवाय खाली उतरणं शक्य नव्हतं.

घायाने अंगावरची चादर नीट केली आणि ती चालत गावात गेली. शुक्रवार होता. मुहन्नाच्या मजलिसमध्ये पंधरा-वीस पुरुष भाताच्या परातींभोवती बसलेले होते. ती दारातल्या चपला तुडवत सरळ आत शिरली. त्या खोलीत चाळीस वर्षांत बाई आलेली नव्हती. दांडा भिंतीला लावून, गादीच्या मागे उभा करून ठेवलेला होता.

"जेवा, जेवा," ती म्हणाली. "मी जेवायला आले नाही. चोरीचा माल न्यायला आलेय."

मुहन्ना हातातला घास खाली ठेवत म्हणाला, "घाया, मला ठाऊक नव्हतं तो इथे कुणी आणला."

"तुझ्या पाठीमागे उभा आहे, शेख. पाठ टेकून बसला आहेस त्याला." तिने दांडा उचलला, डोक्यावर घेतला, वळताना त्याचं टोक दिव्याला लागून काच फुटली. दारातून तिने मागे वळून सांगितलं, "याच्यापुढे काही हवं असेल तर मागून न्या. भिकाऱ्याला आम्ही नाही म्हणत नाही."

त्यानंतर रहाटाला कुणी हात लावला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी शामिसच्या पहारीखालचा दगड ओला लागला. तो आता बापाच्या जागेच्या बाजूने तिरका, वीस हात पुढे गेलेला होता. त्याने खणणं थांबवलं आणि दिवा भिंतीजवळ नेला. उजवीकडे ठिपक्यांचा दगड, डावीकडे, हातभर अंतरावर, हिरवट चिकट रेघ. त्यापलीकडे गर. त्या रेघेला त्याने पहार लावली नाही. उजवीकडे छिन्नी ठेवून घण मारला. पहिल्यांदा नुसता पाझर सुटला, मग पाणी मनगटाएवढं येऊ लागलं, थंड. त्याने पट्टी बुडवली आणि दिव्याशी धरली. जवळजवळ पिवळीच राहिली. मग तो त्या अंधारात, गुडघाभर पाण्यात, बराच वेळ बसून राहिला. वर घाया दोर हिसकून हिसकून शिव्या देत होती.

बाहेर आल्यावर तिघं विहिरीच्या काठावर खारवलेला मासा आणि खजूर खात बसली.

"मेलेली शाखा जो जिवंत करतो, पाणी त्याचं," घाया म्हणाली. "काझीसुद्धा हेच सांगेल. आपल्या बागेकडे वळव, अबू राया, आणि त्यांना चुना चाटत बसू दे."

"नाही. फलजमध्ये सोडायचं."

"का? ते तुझे कोण लागतात?"

"कुणी नाही. पण पाणी अडवलं तर मी चोर ठरेन, आणि त्यांना तेच हवंय. सोडलं, तर मुहन्नाला रोज नमाजाआधी वजू करताना माझं पाणी तोंडावर मारून घ्यावं लागेल. रोज पाच वेळा. मरेपर्यंत."

घायाने जरा विचार केला. "हे बरं आहे," ती म्हणाली.

पाणी फलजच्या पाटात पोचलं त्या सकाळी सगळं गाव काठावर जमलं होतं. बोअरचा पंप बंद करून टाकला होता. कुणी बंद केला ते कुणी विचारलं नाही. मुहन्ना पुढे आला. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, प्यायला, आणि तोंड न फिरवता म्हणाला, "पाणी सगळ्यांचं आहे. जुन्या वाटण्या तशाच चालतील."

आंधळा झाहिर काठी टेकत उभा होता. त्याने विचारलं, "आणलं कुणी?"

"अल्लाहने," मुहन्ना म्हणाला.

त्यावर वाद घालता येण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. शामिस गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने खाली वाकून आपल्या पाटाच्या तोंडातले दगड आणि चिंध्या उपसल्या आणि आपली पाळी येईपर्यंत तिथेच बसून राहिला. पाळी दुपारी, भर उन्हात होती, नेहमीसारखी शेवटची.

बागा सावरायला चार वर्षं लागली. लिंबं पुन्हा लावावी लागली. रायाने पुढे समाईलच्या एका मास्तराशी लग्न केलं आणि दर्म्यातल्या एकाही घराला आमंत्रण दिलं नाही. दूरदूरची विद्यार्थी मंडळी गाड्या भरून हद्द पाहायला येऊ लागली तेव्हा शामिस त्यांना वळणावर घेऊन जाई आणि उभं कसं राहायचं ते दाखवी. कुणी हातोडी काढली की अंगावर धावून जाई. "बघायचं असेल तर बघा. नऊ कोटी वर्षं वर यायला लागली ती तुम्ही खिशात घालून न्यायला नाही." गावाने त्याच्याशी हळूहळू कामापुरतं बोलायला सुरुवात केली. तो कामापुरतंही बोलला नाही. नजर लावल्याची गोष्ट मात्र टिकली. शहाण्या लोकांनीही ती सोडली नाही. उलट आता ती जास्त पटण्यासारखी झाली होती: पाणी बिघडवलं त्यानेच, म्हणून तर ते सुधारणंही त्यालाच जमलं.

सहासष्टाव्या वर्षी, थंडीत, शामिस तापाने गेला. आठ दिवस आजारी होता. मुहन्ना भेटायला आला नाही; आला असता तरी आत येऊ दिलं नसतं. पण जनाजा उठला तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्याने पुढच्या एका माणसाला बाजूला करून खांदा दिला आणि कबरस्तानापर्यंत बदलला नाही, त्याचं वय आणि त्याची कंबर असताना. माती देताना काही तरी बोलेल म्हणून लोक थांबले. त्याने हात झटकले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरून मोठी परात आली, वरून कापड झाकलेली. भात, अख्ख्या बोकडाचं मांस, वर तळलेले कांदे आणि मनुका. वास अंगणभर पसरला. घायाने कापड उचलून पाहिलं आणि परत टाकलं.

"परत देऊन ये," ती रायाला म्हणाली.

"आई, लोक काय म्हणतील? मयताच्या घरी आलेलं अन्न कुणी परत करतं का?"

"तुझा बाप मरायची वाट बघून ज्यांनी तांदूळ भिजत घातले, त्यांचं करतात."

"त्यांनी खांदा दिला."

"दिला. मी कुठे तो परत करतेय? एवढंच परत करतेय."

रायाने परात उचलली आणि उन्हातून चालत मुहन्नाच्या घरी गेली. दार त्याने स्वतः उघडलं. त्याने परातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. परात जड होती. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, खांद्याने दार लोटून घेतलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.